मूळ एक, यंत्रं अनेक : मोबाइल ॲप 'बिल्ड' करण्याचा इतिहास

(धाराशिव जिल्ह्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर जे दाखवलं, ते जागोजागी शब्दांत सांगितलं आहे.)



विषयाकडे येण्याआधी एक गोष्ट विचारतो. इथे बसलेल्यांपैकी सोयाबीनच्या घरातले किती जण? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. म्हणजे पेरणीच्या आधी घरचं बियाणं कसं तपासतात ते तुम्हाला सांगायला नको. सरसकट 100 दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, आणि गुंडाळी करून सावलीत ठेवायची. अधूनमधून पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त उगवले, तर बियाणं पेरायला चांगलं.

त्या शंभर कोंबांचं पुढे काही होत नाही. त्यांचं पीक कुणी घेत नाही. पण ती गुंडाळी उघडल्याशिवाय शहाणा माणूस चाड्यावर मूठ धरत नाही.

आज आपण जे नमुना ॲप सोर्सपासून बिल्ड करून फोनवर चालवणार आहोत, ते असंच आहे. त्यात एक बटण आहे आणि एक आकडा आहे. बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. एवढंच. कुणी विचारेल, हे कशासाठी करायचं? तर आपला संगणक, त्यावरची साधनं, नेट, केबल आणि फोन ही सगळी साखळी जुळली आहे की नाही, हे कळण्यासाठी. तुमची स्वतःची कल्पना पेरण्याआधीची ही उगवण चाचणी.

पण आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे. एकदाच लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही फोनवर चालावा, ही इच्छा कुठून आली, ती कितीदा पुरी झाल्याचं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी काय राहून गेलं, ते आपण बघू. त्यानंतरच ते बटण दाबू.

एका यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्याला परका

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एक संगणक तिथल्याच लोकांनी बांधला. 1960 मध्ये तो कामाला लागला. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळालं. भारतात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. चार वर्षांनी, 1964 मध्ये, त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी 3600 नावाचं बरंच मोठं यंत्र आलं.

आता विचार करा. टिफ्रॅकच्या आदेशांत ज्यांनी कष्टाने प्रोग्राम लिहिले, त्यांचं काय? टिफ्रॅकचे आदेश सीडीसीला कळत नव्हते. दोन्ही यंत्रं एकाच आवारात, पण एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालणार नाही. गणित तेच, उत्तर तेच हवं, तरी लिखाण पुन्हा करायचं. त्या काळात जगभर हीच स्थिती होती.

यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय यंत्र बनवणाऱ्यांचा. आयबीएमने 1964 मध्येच सिस्टिम 360 ही मालिका जाहीर केली. लहान यंत्र घ्या, मोठं घ्या, आदेशांचा संच एकच. म्हणजे प्रोग्राम सगळ्यांवर चालेल, अट एवढीच की यंत्र आयबीएमच्या त्या मालिकेतलं हवं.

दुसरा उपाय भाषेचा. 1957 मध्ये फोरट्रान आली. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहायचं आणि त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायला एक वेगळा प्रोग्राम ठेवायचा, तो म्हणजे कंपायलर. नवं यंत्र आलं की कंपायलर नवा आणायचा, मूळ लिखाण तेच. 'सोर्स' आणि 'बिल्ड' ही जोडी इथून सुरू होते. माणूस लिहितो तो सोर्स, आणि त्यापासून विशिष्ट यंत्रासाठी जे तयार होतं ते बिल्ड.

या उपायाची खरी परीक्षा झाली ती युनिक्सवर. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बनवलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम 1973 मध्ये 'सी' भाषेत पुन्हा लिहिली गेली. तोपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम बहुतेक वेळा यंत्राच्याच भाषेत असायची. सीमध्ये आल्यामुळे त्याच दशकाच्या शेवटी ती अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेता आली. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे आणि आयफोनच्या तळाशी युनिक्सचाच वंश आहे. म्हणजे आज भांडणारे दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच आजोबांचे नातू.

एक वाया गेलेली सकाळ

इथे एक छोटी गोष्ट सांगतो, कारण थोड्या वेळाने पडद्यावर तिचाच वारस दिसणार आहे.

1976 ची गोष्ट. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत एक सहकारी वैतागून आला. सगळी सकाळ तो एक चूक शोधत होता. शेवटी कळलं की चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. जुनाच तुकडा जोडला जात होता, आणि हा बरोबर असलेल्या प्रोग्रामात चूक शोधत बसला होता. फेल्डमन यांनी त्यावर 'मेक' नावाचं साधन लिहिलं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे, हे एकदा लिहून ठेवायचं. जे बदललं असेल तेवढंच मेक पुन्हा बांधतं.

त्यात एक खोड राहून गेली. आदेशाच्या ओळीआधी टॅबच लागतो, नुसती मोकळी जागा चालत नाही. फेल्डमन यांना हे लवकर लक्षात आलं होतं, पण तोवर वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची अडचण नको म्हणून ते तसंच ठेवलं. त्या बारा माणसांसाठी राखलेला टॅब आज जवळपास पन्नास वर्षं लाखो लोकांना अडखळवतो आहे. आज अँड्रॉइडचं ॲप बांधताना जे 'ग्रेडल' चालतं, ते मेकचंच काम करतं. काम तेच आहे, पण पसारा कितीतरी मोठा झालाय, कारण आता ते इतरांनी लिहिलेले शेकडो तुकडे नेटवरून उतरवून घेतं.

याच सुमाराला आणखी एक धागा जोडला गेला. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. सोर्स वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा हक्क वापरणाऱ्याला हवा, हा त्यांचा आग्रह. 1987 मध्ये त्यांचा कंपायलर आला. तो महत्त्वाचा, कारण नुसता सोर्स हातात असून भागत नाही. तो बांधण्याचं हत्यारही आपल्या आवाक्यात लागतं.

जावा, साधे फोन आणि सत्तर अक्षरं

1995 मध्ये सन कंपनीने जावा आणली. एकदा लिहा, कुठेही चालवा, ही तिची घोषणा. युक्ती अशी की प्रोग्राम खऱ्या यंत्रासाठी बांधायचाच नाही, एका काल्पनिक यंत्रासाठी बांधायचा. प्रत्येक संगणकावर त्या काल्पनिक यंत्राचं सोंग घेणारा एक प्रोग्राम बसवायचा. कल्पना त्याआधीचीही होती, पण जावाने ती घरोघरी नेली.

2000 नंतर ही जावा साध्या मोबाइलवर उतरली. आठवतंय का, फोनवर 'जावा गेम्स' असायचे? तिथे घोषणेची कसोटी लागली. पडद्याचे आकार वेगळे, बटणांचे क्रमांक वेगळे, मेमरी वेगळी. काही फोनवर तर ॲपचा आकार 64 केबीच्या वर नेता येत नसे. त्यामुळे एकदा लिहिलेलं कुठेही चालायचं खरं, पण प्रत्येक फोनवर वेगळं तपासावं लागायचं.

त्या काळात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यापर्यंत जे खरोखर सगळ्या फोनवर पोचलं, ते ॲप नव्हतंच. तो होता एसएमएस. 2007 मध्ये रॉयटर्सने 'मार्केट लाइट' नावाची सेवा महाराष्ट्रात सुरू केली. बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला एसएमएसवर, मराठीत. पण एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात आणि देवनागरी वापरली की फक्त 70. मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या वाटेवर मराठीला निम्म्याहून कमी जागा. शिवाय ज्या फोनमध्ये देवनागरी नव्हती, तिथे नुसते चौकोन दिसायचे.

2008 : ॲप आलं आणि ॲपचं अक्षरही

आता एक योगायोग सांगतो, तो आम्हाला फार आवडतो.

10 जुलै 2008 रोजी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. 'ॲप' हा शब्द जगाच्या तोंडी बसायला सुरुवात झाली ती इथून. आणि त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, युनिकोडच्या 5.1 या आवृत्तीत देवनागरीचं एक नवं अक्षर दाखल झालं : ॲ. अ वर चंद्र. हिंदीला त्याची फारशी गरज नव्हती, मराठीला होती. त्याआधी युनिकोडमध्ये हे अक्षर एकसंध नव्हतंच. लोक अ ला चंद्राची खूण वेगळी जोडायचे. काही ठिकाणी ते जमायचं, काही ठिकाणी मध्ये एक ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं. म्हणजे ॲप ही गोष्ट आली, त्याच वर्षी मराठीत ती नीट लिहायची सोय झाली. अर्थात जुन्या फोनवर हे अक्षर पोचायला पुढे बरीच वर्षं गेली.

हे का सांगतोय? कारण प्लॅटफॉर्म म्हणजे नुसतं यंत्र नसतं. अक्षरं कोण काढतं, हाही प्लॅटफॉर्मचाच भाग. मराठीच्या संगणकीकरणात याचं मोठं काम झालं. 1988 आणि 1991 मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक ठरलं, पुण्याच्या सीडॅकमध्ये जिस्टचं काम वाढलं आणि युनिकोडची देवनागरीही इस्कीवरूनच बेतली गेली. तरी सुरुवातीच्या अँड्रॉइडवर जोडाक्षरं तुटायची. वेलांटी भलत्याच अक्षराला लागायची. 2011 च्या शेवटी आलेल्या अँड्रॉइड 4.0 पासून ही स्थिती सुधारत गेली. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धचंद्री रफार तर खास आपल्या वाट्याची कसोटी. तो नीट उमटतो का बघा, म्हणजे ते ॲप मराठीत तपासलं गेलंय की नाही ते कळतं.

तीन वाटा

तर 2008 नंतर ॲप लिहिणाऱ्यासमोर जुनाच प्रश्न नव्याने आला. आयफोनसाठी एक भाषा, अँड्रॉइडसाठी दुसरी, त्याशिवाय ब्लॅकबेरी, नोकिया. ज्यांच्याकडे माणसं होती त्यांनी सगळं वेगवेगळं लिहिलं. व्हॉट्सॲपने तसंच केलं. नोकियाच्या एस-40 सारख्या साध्या फोनसाठीही त्यांनी वेगळं ॲप बनवलं. पण धाराशिवमध्ये बसून दोन-तीन जणांनी काही करायचं म्हटलं, तर हे परवडत नाही. त्यांच्यासाठी तीन वाटा तयार झाल्या.

पहिली वाट : ॲपच्या पोटात वेब पान. 2008-09 मध्ये फोनगॅप आलं. तुम्ही वेबसाइटसारखं लिहायचं, ते एका पोकळ ॲपमध्ये भरून मिळायचं. 2011 मध्ये अडोबीने ती कंपनी घेतली आणि सोर्स अपाची फाउंडेशनकडे दिला. तिथे त्याचं नाव कॉर्डोव्हा.

दुसरी वाट : एका भाषेत लिहायचं, पण पडद्यावरची बटणं त्या त्या फोनचीच वापरायची. झामरिन ही त्यातली एक. 2011 मध्ये ती कंपनी सुरू झाली, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. फेसबुकने 2015 मध्ये खुलं केलेलं रिॲक्ट नेटिव्हही याच वाटेचं.

तिसरी वाट : फोनची बटणं घ्यायचीच नाहीत. कोरा पडदा मागायचा आणि त्यावर सगळं आपणच रंगवायचं. गूगलचं फ्लटर असं चालतं. त्याची 1.0 आवृत्ती 4 डिसेंबर 2018 रोजी आली. यात अक्षरांची जुळणी करणारा भागही ॲपबरोबरच जातो. हवा असेल तर मराठीचा फॉण्टही आपण सोबत बांधू शकतो, म्हणजे फोन जुना असला तरी जोडाक्षर तुटत नाही. त्याची किंमत म्हणजे ॲपचा वाढलेला आकार.

तिन्ही वाटांत फरक मिटलेला नाही, फक्त जागा बदललीय. पहिल्या वाटेत तो ब्राउझरमध्ये गेला, दुसरीत मधल्या पुलात, तिसरीत रंगवणाऱ्या इंजिनात. आयबीएमपासून आजवर हेच होत आलंय. यंत्रायंत्रांतला फरक कुणीतरी सांभाळावाच लागतो. तो कोण सांभाळतं आणि उद्या त्याने हात काढून घेतला तर काय, हे आपल्याला ठाऊक हवं.

आता बांधू या

आज आपण फ्लटर घेतलंय. पडद्याकडे बघा.

पहिला आदेश 'फ्लटर डॉक्टर'. नाव मजेशीर आहे, पण काम नेमकं. तो संगणक तपासतो आणि कुठे काय कमी आहे याची यादी देतो. अँड्रॉइडची साधनं आहेत का, परवाने मान्य केलेत का, फोन जोडलाय का. लाल खूण दिसली की घाबरायचं नाही, ओळ पूर्ण वाचायची. उपाय बहुतेक वेळा त्याच ओळीत लिहिलेला असतो.

दुसरा आदेश 'फ्लटर क्रिएट' आणि पुढे ॲपचं नाव. एक फोल्डर तयार होतं. आत 'लिब' नावाचं फोल्डर आहे, त्यात एकच फाइल, आपला खरा सोर्स. शेजारी 'अँड्रॉइड', 'आयओएस', 'वेब' अशी फोल्डरं. आज बोललेला सगळा इतिहास या एका खिडकीत दिसतोय. मूळ एकच, आणि प्रत्येक यंत्राच्या दारातून आत जायला वेगळी चौकट.

तिसरं काम फोनवर. सेटिंगमध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारायची. मग डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग सुरू करायचं आणि केबल लावायची. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन दिसतच नाही, आणि अशा केबलवर आमचा स्वतःचा एक तास गेलेला आहे.

चौथा आदेश 'फ्लटर रन'. आता थांबायचं. पहिल्यांदा ग्रेडल येतं, मग त्याला लागणारे तुकडे येतात. साधनं धरून हा सगळा पसारा काही जीबीचा होतो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही एकदा तीस मुलांना एकाच वेळी हा आदेश द्यायला लावला. नेट बसलं. तीसही पडदे एकाच ओळीवर अडकले. मुलांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. चूक आमची होती. एका संगणकावर आधी सगळं उतरवून घ्यायला हवं होतं आणि पेन ड्राइव्हवरून बाकीच्यांना वाटायला हवं होतं. आता आम्ही तसंच करतो. इथेही काल रात्रीच सगळं उतरवून ठेवलंय.

बघा, आलं. फोनवर रंगीत पट्टी, मध्ये शून्य, कोपऱ्यात अधिकची खूण. दाबा. एक. दोन. तीन.

आता संगणकावर ती इंग्रजी ओळ खोडून तिथे लिहू : 'तुम्ही बटण किती वेळा दाबलं'. फाइल जतन करायची, 'आर' दाबायचा, आणि फोनवर ओळ बदलली. आकडा मात्र तीनच राहिला. याला हॉट रीलोड म्हणतात. फेल्डमन यांच्या सहकाऱ्याची ती वाया गेलेली सकाळ इथे एका सेकंदावर आली.

कुलपं कुठे आहेत

आता हेच ॲप आयफोनवर घालायचं म्हटलं तर? सोर्स तोच. पण त्यासाठी एक्सकोड लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. या हॉलमधल्या एकाही विंडोज संगणकावर ते बिल्ड होणार नाही. मॅक मिळाला, तर फुकट खात्यावर ॲप आपल्या फोनवर सात दिवस चालतं, मग पुन्हा बांधून घालावं लागतं. स्टोअरवर ठेवायचं तर वर्षाला 99 डॉलर. गूगलच्या प्ले स्टोअरला एकदाच 25 डॉलर. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे लिहिणं एकदाच, पण दाराशी तिकीट प्रत्येकाचं वेगळं.

दुसरं कुलूप सहीचं. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर डिजिटल सही लागते. चाचणीसाठी ती आपोआप होते, पण स्टोअरवर जायचं तर स्वतःची किल्ली तयार करावी लागते. ती फाइल जमिनीच्या कागदासारखी जपा आणि दोन ठिकाणी ठेवा.

तिसरं म्हणजे ॲप्लिकेशन आयडी. हे समजायला आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. शेवटचे निजाम मीर उस्मान अली यांच्या नावावरून उस्मानाबाद झालं होतं. 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण गाडीवर एमएच-25 तेच राहिलं. ॲपचंही असंच आहे. फोनवर दिसणारं नाव केव्हाही बदला, पण आयडी एकदा स्टोअरवर गेला की तो कायमचा. तो बदललात तर स्टोअरच्या लेखी ते वेगळं ॲप. नमुना ॲपमध्ये हा आयडी 'कॉम डॉट एक्झाम्पल'ने सुरू होतो आणि प्ले स्टोअर तो घेतच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचार करून आपला आयडी घाला.

सोर्स हाती असणं

आता मुख्य मुद्द्यावर येतो. फोनगॅपबरोबर एक सेवा होती, फोनगॅप बिल्ड. तुम्ही फक्त फाइल्स द्यायच्या, बांधायचं काम त्यांचे संगणक करायचे. फार सोयीची. मॅक नको, साधनं उतरवायला नकोत. 1 ऑक्टोबर 2020 रोजी ती बंद झाली. ज्यांना स्वतः बांधता येत नव्हतं, त्यांची घाईघाईने शोधाशोध सुरू झाली. ज्यांना कॉर्डोव्हा आपल्या संगणकावर चालवता येत होतं, त्यांचं काम पुढे चालू राहिलं, कारण सोर्स खुला होता आणि बांधण्याचं हत्यार त्यांच्या हातात होतं. झामरिनचा आधारही मायक्रोसॉफ्टने मे 2024 मध्ये थांबवला. उद्या फ्लटरचं काय होईल, याची हमी कोण देणार?

शिवाय ॲप एकदा बांधून संपत नाही. प्ले स्टोअर दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी जुळवून घ्यायला सांगतं. ऑगस्ट 2019 पासून 64-बिटची अट आली. ज्या ॲपचा सोर्स हरवला किंवा ज्याला ते करून दिलं तो माणूस फोन उचलत नाही, ते ॲप हळूहळू मरतं. सोयाबीनचं बियाणं घरी राखता येतं, म्हणून विकतचं महागलं तरी पेरणी अडत नाही. तसंच हे.

सोर्स असणं आणि तो वाचता येणं यांतही अंतर आहे. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडचे निजामकाळातले महसुली कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कागद कचेऱ्यांत होतेच, पण ते वाचणारी माणसं शोधावी लागली. पणजोबांच्या नावाची नोंद समोर असून नातवाला ती कळत नव्हती. एका लिपीचा सराव सुटला की मूळ दस्तऐवज घरात असून बंद होतो.

आता महसुलाचं काम ॲपवर आलंय. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने करायची पिकाची नोंद शेतकरी स्वतः फोनवरून करतो, बांधावर उभा राहून फोटो काढतो. सातबाऱ्यावर काय दिसणार, ते त्या पडद्यावर ठरतं. 2020 मध्ये आरोग्य सेतू आलं. त्या वर्षी 26 मे रोजी त्याच्या अँड्रॉइड ॲपचा सोर्स सरकारने खुला केला. तेव्हा जाणकारांनी विचारलेला एक प्रश्न मोलाचा होता : दाखवलेला सोर्स आणि स्टोअरवरचं ॲप एकच आहे, हे कशावरून? याचं पहिलं पाऊल म्हणजे सोर्स घेऊन स्वतः बांधून बघणं. ते ज्यांना येतं, त्यांनाच हा प्रश्न सुचतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*आमच्याकडे मॅक नाही. मग क्रॉस-प्लॅटफॉर्म शिकून काय उपयोग?*

अँड्रॉइड आणि वेब या दोन गोष्टी तुमच्या आजच्या संगणकावर पूर्ण होतात, आणि आपल्या भागात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे. आयओएसचं फोल्डर तसंच राहू द्या. ज्या दिवशी मॅक मिळेल, त्या दिवशी सोर्स पुन्हा लिहावा लागणार नाही.

*मला प्रोग्रामिंग येत नाही. मी हे नमुना ॲप बिल्ड करून काय साधणार?*

मोडी वाचणारी सगळी माणसं काही इतिहासकार नसतात. गावात एक जरी वाचणारा असला तरी गावाचं काम होतं. तुम्ही एक ओळ बदलून बघितलीत, ती फोनवर बदलली, म्हणजे हे आपल्यासारख्या माणसांनीच लिहिलेलं आहे आणि ते बदलता येतं, एवढं तुम्हाला कळलं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की ॲपमध्ये तसं होतच नाही, तर तुम्ही विचाराल, होत नाही की केलेलं नाही?

घरी जाऊन एवढंच करा. चारही आदेश एकदा चालवा. कुठे अडलं ती ओळ वहीत लिहून आणा. पुढच्या वेळी आपण सगळ्यांच्या गुंडाळ्या उघडू आणि कुणाचे किती उगवले ते मोजू.